पुणे मेट्रोची अंतिम स्थानके

पुणे मेट्रोची अंतिम स्थानके म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जुळ्या शहरांतील मेट्रो मार्गिका जेथे सुरू होतात किंवा संपतात ती स्थानके होत. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केलेल्या पहिल्या टप्प्यात अशी चार स्थानके होती : पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, स्वारगेट, वनाझ आणि रामवाडी. ऑक्टोबर २०२३ ते जून २०२५ या काळात या चारही टोकांपासून पुढे जाणारे विस्तार मंजूर झाले. त्यामुळे पहिल्या टप्प्यात निश्चित केलेले एकही टोक कायम राहिले नाही. जलद परिवहन मार्गिका कोठे संपवावी, हा निर्णय कोणत्या घटकांवर अवलंबून असतो आणि तो पुढे ढकलल्यास काय परिणाम होतात, हे समजण्यासाठी पुण्याचे उदाहरण उपयुक्त आहे.

अंतिम स्थानकाचे स्वरूप

मार्गिकेवरील मधले स्थानक मुख्यतः आपल्या आसपासच्या वस्तीला सेवा देते. अंतिम स्थानकाचे प्रभावक्षेत्र याहून मोठे असते. मार्गिका जेथे संपते त्याच्या पलीकडील उपनगरे, गावे आणि औद्योगिक वसाहती यांतील प्रवासी बस, रिक्षा किंवा स्वतःच्या वाहनाने याच स्थानकावर येतात. त्यामुळे वाहनतळ, बसथांबा आणि रिक्षातळ यांसाठी येथे जास्त जागा लागते. जागा अपुरी असल्यास मेट्रोमुळे शहराच्या मध्यभागातील कोंडी कमी झाली, तरी टोकाच्या चौकात नवी कोंडी निर्माण होऊ शकते.

अंतिम स्थानकाचे दुसरे वैशिष्ट्य गाड्यांच्या संचालनाशी निगडित आहे. येथे येणारी प्रत्येक गाडी दिशा बदलून परत जाते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेण्यासाठी सांध्यांची जोडणी करावी लागते. स्थानकाच्या पुढे काही अंतरापर्यंत रूळ वाढवलेले असल्यास गाडी फलाट रिकामा करून पुढे जाते आणि तेथून उलट फिरते. अशी जागा नसल्यास गाडी फलाटावरच उभी राहून परत फिरते आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबावे लागते. संपूर्ण मार्गिकेवर दोन गाड्यांमध्ये किमान किती मिनिटांचे अंतर ठेवता येईल, हे बऱ्याचदा टोकाच्या स्थानकावरील या व्यवस्थेवरून ठरते.

निर्णयाचे घटक

प्रवासीसंख्या : मार्गिकेच्या मध्यभागी गर्दी सर्वाधिक असते आणि टोकाकडे ती कमी होत जाते. गाड्यांची संख्या मात्र सर्वाधिक गर्दीच्या भागावरून ठरवली जाते. परिणामी टोकाच्या भागात गाड्या तुलनेने रिकाम्या धावतात. मार्गिका प्रत्येक किलोमीटरने वाढवताना मिळणारे नवे प्रवासी आणि वाढणारा खर्च यांचा मेळ घालावा लागतो. यावरचा एक उपाय म्हणजे काही गाड्या शेवटपर्यंत न नेता मधल्याच स्थानकावरून परत फिरवणे.

आगार : गाड्या रात्री उभ्या करण्यासाठी, धुण्यासाठी आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी कित्येक हेक्टर सलग जमीन लागते. शहराच्या मध्यभागी अशी जमीन क्वचितच मिळते. म्हणून पुष्कळदा जेथे आगारासाठी जमीन उपलब्ध असते, तेथे मार्गिकेचे टोक येते.

बांधकामाचा प्रकार : उन्नत मार्गिका खांबांवरून पुढे वाढवणे तुलनेने सोपे व स्वस्त असते. मार्गिका भुयारी स्थानकावर संपत असेल, तर ती पुढे भुयारातूनच न्यावी लागते किंवा चढण देऊन जमिनीवर आणावी लागते. अशा चढणीसाठी रस्त्याच्या मधोमध शेकडो मीटर लांबीची मोकळी पट्टी लागते. दाट वस्तीत ती मिळणे कठीण असते.

हद्द आणि मंजुरी : मार्गिकेचा सविस्तर प्रकल्प अहवाल महानगरपालिका, राज्य शासन आणि केंद्र शासन अशा क्रमाने मंजूर होतो. केंद्र व राज्याचे भागभांडवल, स्थानिक संस्थांचा वाटा आणि परदेशी वित्तसंस्थांची कर्जे ही सर्व मंजूर लांबीशी बांधलेली असतात. एकदा टोक निश्चित झाल्यावर एक स्थानक जरी पुढे जायचे असले, तरी स्वतंत्र अहवाल आणि स्वतंत्र मंजुरी लागते.

पहिल्या टप्प्यातील टोके

पुणे मेट्रोचा पहिला प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने तयार केला होता. दीर्घ चर्चेनंतर ७ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पास मंजुरी दिली आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. मंजूर लांबी ३१.२५ किलोमीटर, स्थानके ३० आणि अंदाजित खर्च ११,४२० कोटी रुपये होता. अंमलबजावणी महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन लिमिटेड (महामेट्रो) या केंद्र व राज्य शासनाच्या संयुक्त कंपनीकडे सोपवण्यात आली.

पहिली मार्गिका पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते स्वारगेट अशी सुमारे १६.६ किलोमीटरची होती. तिचे उत्तर टोक पिंपरी येथे, जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर महापालिका भवनाजवळ ठेवण्यात आले. या मार्गिकेने दोन्ही महानगरपालिका जोडल्या गेल्या; परंतु त्याच महामार्गावरील चिंचवड, आकुर्डी आणि निगडी हे दाट वस्तीचे भाग बाहेर राहिले. दक्षिण टोक असलेले स्वारगेट हे राज्य परिवहन आणि शहर बससेवेचे मोठे केंद्र आहे. येथे मार्गिका भुयारी आहे. या मार्गिकेचे आगार टोकाला नसून मध्ये, रेंजहिल येथे कृषी महाविद्यालयाच्या जागेत आहे.

दुसरी मार्गिका वनाझ ते रामवाडी अशी सुमारे १४.७ किलोमीटर लांबीची आणि संपूर्णपणे उन्नत आहे. पौड रस्त्यावरील वनाझ हे पश्चिम टोक आगाराच्या जागेशी निगडित आहे. कोथरूड येथील जुन्या कचरा डेपोच्या जमिनीवर या मार्गिकेचे आगार उभारण्यात आले. नगर रस्त्यावरील रामवाडी हे पूर्व टोक विमाननगरच्या अलीकडे आहे. पुढील खराडी हा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा परिसर आणि त्यापलीकडील वाघोली पहिल्या टप्प्यात आले नाहीत. वाघोली त्या वेळी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती; २०२१ मध्ये २३ गावांच्या समावेशात ती महापालिकेत आली.

तात्पुरती टोके

प्रकल्प टप्प्याटप्प्याने खुला झाल्यामुळे काही स्थानकांना काही काळ अंतिम स्थानकाची भूमिका पार पाडावी लागली.

- ६ मार्च २०२२ : पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते फुगेवाडी आणि वनाझ ते गरवारे महाविद्यालय.
- १ ऑगस्ट २०२३ : फुगेवाडी ते जिल्हा न्यायालय आणि गरवारे महाविद्यालय ते रुबी हॉल क्लिनिक.
- ६ मार्च २०२४ : रुबी हॉल क्लिनिक ते रामवाडी.
- २९ सप्टेंबर २०२४ : जिल्हा न्यायालय ते स्वारगेट.

फुगेवाडी आणि गरवारे महाविद्यालय ही स्थानके सुमारे १७ महिने टोके होती. या काळात दोन्ही मार्गिका एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. पिंपरीहून निघालेल्या प्रवाशाला फुगेवाडीला उतरून पुण्याच्या मध्यभागी जाण्यासाठी दुसरे वाहन शोधावे लागे. जिल्हा न्यायालय स्थानकावर दोन्ही मार्गिका एकत्र आल्यानंतरच मेट्रोचे जाळे म्हणून काम सुरू झाले.

मंजूर झालेले विस्तार

निगडी : पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थानकापासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतचा सुमारे ४.४ किलोमीटरचा उन्नत विस्तार ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केला. खर्च सुमारे ९१० कोटी रुपये असून ६ मार्च २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. हा विस्तार पहिल्या मार्गिकेला पिंपरी-चिंचवड शहराच्या वायव्य भागापर्यंत नेतो.

कात्रज : स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा विस्तार संपूर्णपणे भुयारी आहे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. खर्च २,९५४.५३ कोटी रुपये आणि पूर्णत्वाचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२९ आहे. मंजुरीच्या वेळी मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानके होती. म्हणजे दर १.८ किलोमीटरला एक स्थानक. पहिल्या टप्प्यात हे प्रमाण जवळपास दर किलोमीटरला एक असे होते. मधल्या वस्त्यांतून वाढीव स्थानकांची मागणी झाल्यानंतर बालाजीनगर व बिबवेवाडी या दोन स्थानकांचा समावेश करण्यात आला. सातारा रस्त्यावरचा हा पट्टा सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने नवीन नव्हे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावरच पुण्यातील जलद बस वाहतुकीचा (बीआरटी) पथदर्शी प्रकल्प सुरू झाला होता.

चांदणी चौक आणि वाघोली : दुसऱ्या मार्गिकेच्या दोन्ही टोकांचे विस्तार २५ जून २०२५ रोजी एकत्रितपणे मंजूर झाले. त्यांची एकूण लांबी १२.७५ किलोमीटर, स्थानके १३ आणि खर्च ३,६२६.२४ कोटी रुपये आहे. पश्चिमेकडील वनाझ ते चांदणी चौक हा भाग केवळ १.१२ किलोमीटरचा असून त्यावर दोन स्थानके आहेत. अंतर लहान असले, तरी चांदणी चौकाला मुंबई-बंगळूर महामार्ग आणि मुळशीकडून येणारा रस्ता मिळतात. पूर्वेकडील रामवाडी ते वाघोली (विठ्ठलवाडी) हा ११.६३ किलोमीटरचा आणि ११ स्थानकांचा भाग मूळ दुसऱ्या मार्गिकेच्या तीन चतुर्थांशाहून अधिक लांब आहे.

शहराच्या मध्यभागी संपणारी मार्गिका

माण (हिंजवडी) ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेची रचना वेगळी आहे. सुमारे २३ किलोमीटर लांबीची ही मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) सार्वजनिक-खासगी भागीदारीतून हाती घेतली. १८ डिसेंबर २०१८ रोजी तिचे भूमिपूजन झाले. तिचे एक टोक आणि आगार माण येथे, हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या पलीकडे आहे. दुसरे टोक शहराच्या उपांत्य भागात नसून जिल्हा न्यायालयाजवळ, इतर दोन मार्गिकांच्या संगमावर आहे.

मध्यभागी मार्गिका संपवण्याचा लाभ असा की अदलाबदलीच्या एकाच स्थानकातून शहराच्या अनेक दिशांना जाता येते आणि दाट वस्तीखालून दुसऱ्या बाजूला जाण्याचा खर्च टळतो. तोटा असा की मार्गिकेवरील सर्व प्रवासी एकाच ठिकाणी उतरतात. त्यांतील बहुतेकांना गाडी बदलावी लागते आणि संगमस्थानकावर गर्दीचा ताण येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग या मार्गिकांना मंजुरी दिली. त्यामुळे २०१६ च्या आराखड्यात टोक असलेले स्वारगेट हे भविष्यात दोन मार्गिकांचे संगमस्थानक होणार आहे.

खर्चाची तुलना

मंजूर रकमेला लांबीने भागल्यास निगडी विस्ताराचा खर्च किलोमीटरमागे सुमारे २०६ कोटी, चांदणी चौक-वाघोली विस्ताराचा सुमारे २८४ कोटी, तर कात्रज विस्ताराचा सुमारे ५४१ कोटी रुपये येतो. मंजुरीची वर्षे आणि समाविष्ट कामे वेगवेगळी असल्याने ही तुलना ढोबळ आहे. तरीही उन्नत आणि भुयारी टोकांमधील फरक तिच्यातून स्पष्ट होतो. कात्रजचा एक किलोमीटर निगडीच्या अडीच किलोमीटरांहून महाग आहे.

यातून टोक निवडण्याचा एक पैलू पुढे येतो. पिंपरी, वनाझ आणि रामवाडी या उन्नत टोकांवर मार्गिका थांबवणे हा बराचसा सोयीने बदलता येण्याजोगा निर्णय होता. स्वारगेटच्या भुयारी टोकावर ती थांबवल्यामुळे पुढच्या विस्ताराचे स्वरूप आणि किंमत यांवर मर्यादा आली. अर्थात शहराच्या जुन्या पेठांमधील अरुंद रस्त्यांमुळे तेथे भुयारी मार्गाला फारसा पर्याय नव्हता.

प्रवाशांवरील परिणाम

मूळ मंजुरी आणि विस्तारांची मंजुरी यांत सुमारे सात ते साडेआठ वर्षांचे अंतर आहे. या काळात टोकांपलीकडील वस्ती वाढत राहिली. वाघोली आणि बावधन बुद्रुक यांसारखी गावे महापालिकेत आली. त्यांना मेट्रो मात्र उशिरा मंजूर झाली. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यासह मेट्रो असलेल्या शहरांत मालमत्ता खरेदी करताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार आकारला जाऊ लागला. हा अधिभार मेट्रो पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या अशा दोन्ही भागांतील खरेदीदारांना लागू आहे. त्यामुळे मार्गिकेचे टोक हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. खर्चाचा वाटा कोण उचलतो आणि सेवा कोणाला मिळते, हा प्रश्नही त्यात येतो.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणानुसार प्रत्येक प्रस्तावात पर्यायी वाहतूक साधनांची तुलना आवश्यक आहे. तसेच स्थानकांच्या पाच किलोमीटर परिसरातील पूरक सेवांची हमी राज्यांनी द्यावी लागते. अंतिम स्थानकांच्या बाबतीत ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. चांगल्या वारंवारितेची पूरक बस असल्यास मार्गिका काही किलोमीटर अलीकडे संपली तरी पलीकडील रहिवाशांना तिचा उपयोग होतो. तशी बस नसल्यास प्रवासी पुन्हा दुचाकीकडे वळतात आणि एकदा दुचाकी काढल्यावर संपूर्ण प्रवास तिच्यावरूनच करण्याकडे कल राहतो.

इतर शहरांतील उदाहरणे

नागपूर : नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याची चार टोके खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापतीनगर आणि लोकमान्यनगर ही होती. ७ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राने ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा मंजूर केला. त्यानुसार मार्गिका चारही दिशांना अनुक्रमे बुटीबोरी औद्योगिक वसाहत, कन्हान, ट्रान्सपोर्टनगर आणि हिंगणा यांकडे वाढणार आहेत. पहिला टप्पा पूर्णपणे खुला होण्यास त्या दिवशी अजून चार दिवस बाकी होते.

मुंबई : कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी तिसऱ्या मार्गिकेच्या उत्तर टोकाचा वाद आगाराच्या जागेभोवती फिरला. आरे येथील कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेल्या वृक्षतोडीला मोठा विरोध झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य शासनाने कारशेड कांजूरमार्ग येथे हलवण्याचा निर्णय घेतला आणि जुलै २०२२ मध्ये तो बदलून पुन्हा आरेची निवड झाली. या मार्गिकेवरील आरे हे एकमेव स्थानक जमिनीवर असून तेच तिचे उत्तर टोक आहे.

पॅरिस : १९०० मध्ये सुरू झालेली पॅरिस मेट्रो नगरपालिकेच्या आग्रहाने शहराच्या हद्दीतच ठेवण्यात आली. मार्गिका जुन्या तटाच्या वेशींपाशी संपत. उपनगरात जाणारा पहिला विस्तार १९३४ मध्ये खुला झाला.

सॅन फ्रान्सिस्को : सॅन मातेओ परगण्याने १९६१ मध्ये प्रादेशिक जलद रेल्वे प्रकल्पातून अंग काढून घेतल्यामुळे शहराच्या दक्षिणेकडील मार्गिका हद्दीलगतच्या डेली सिटी येथे थांबली. विमानतळापर्यंत ती पोहोचण्यास २००३ साल उजाडले.

मतभेद

अंतिम स्थानकांविषयी नियोजनात दोन प्रमुख दृष्टिकोन आढळतात. पहिल्यानुसार मार्गिका सुरुवातीला लहान ठेवावी, दाट वस्तीत ती सिद्ध व्हावी आणि प्रत्यक्ष प्रवासीसंख्या पाहून विस्तार करावा. यात आर्थिक जोखीम कमी असते आणि प्रकल्पाचा पहिला भाग लवकर सुरू होतो. दुसऱ्यानुसार टोक शहराच्या सध्याच्या सीमेवर न ठेवता वाढीच्या दिशेने पुढे न्यावे. कारण वस्ती आधी आणि मेट्रो नंतर, असा क्रम झाल्यास जमीन महागते, रस्त्यांवर उड्डाणपूल उभे राहतात आणि लोकांच्या प्रवासाच्या सवयी खासगी वाहनाभोवती पक्क्या होतात.

पुण्यात व्यवहारात पहिला मार्ग स्वीकारला गेला. परंतु चारही टोकांचे विस्तार मूळ मार्गिका पूर्ण होण्याच्या आसपासच मंजूर करावे लागले. या अनुभवावरून मार्गिका सुरुवातीला कोठेही संपवली, तरी ती पुढे वाढेल असे गृहीत धरून अंतिम स्थानकाची उंची, पुढील रुळांची दिशा आणि आगाराची क्षमता आधीच ठरवणे महत्त्वाचे ठरते.